पहिल्या तीन खणांची कार्डं

भोर, मंगळवार

प्रिय अश्विनी,

तुझा प्रबंध पोचला. आमचे पोस्टमन मानसिंग दारातच विचारत होते, बाई, बांधकाम काढलंय का, वीट आलीय तुमच्या नावानं. मी पहिल्यांदा आभाराचंच पान उघडलं, खोटं कशाला बोलू? आईवडिलांच्या खालोखाल माझं नाव, आणि तुझे मार्गदर्शक त्याच्याही खाली! अगं, त्यांना काय वाटेल? शेजारच्या वैदेहीला ते पान दोनदा मोठ्यानं वाचायला लावलं. चष्मा सापडत नाही असं सांगितलं तिला, आणि चष्मा डोक्यावर होता. मग तिसरं प्रकरण वाचलं आणि सगळा आनंद ओसरला. त्यातला एक निष्कर्ष चुकलाय, बाळ. अठ्ठावीस तारखेला तू प्रबंध दाखल करणार, त्याच्या आत तो बदलायलाच हवा. चूक तुझी नाही. कुणाची, ते सांगते. पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, हे तुला माहीत आहे.

तू पहिल्यांदा आलीस तो दिवस आठवतो? वेल्ह्याहून निघालीस, कापूरहोळला एसटी बदललीस, आणि पदवीबिदवी असलेली मुलगी दारात चप्पल काढून ग्रंथालयात शिरलीस. मला तिथंच आवडलीस. तू सांगितलंस, मावशी, आता जगभर ग्रंथालयांच्या अभ्यासात एकाच गोष्टीचा ध्यास आहे. वाचकाला पुस्तकाचं नाव माहीत नसतं, मनात नुसतं काहीतरी असतं. ते त्यानं त्याच्या भाषेत बोलावं आणि यंत्रानं नेमकं पुस्तक काढून द्यावं. मला हसूच आलं. म्हटलं, हे तर मी एकतीस वर्षं करतेय, तेही वीज गेलेली असताना!

कारण आमच्याकडे नाव घेऊन पुस्तक मागणारे म्हणजे गावातले वकील, मास्तर, बँकेतले लोक. उत्रोलीचे गेनूदादा यायचे आणि म्हणायचे, भाताला करपा पडला म्हंजी काय मारायचं त्ये पुस्तक द्या. कुणी म्हणायचं, सुनेला दिस गेल्यात, तिला वाचाया पायजे. मी पुस्तक शोधून द्यायची, आणि पुढच्या वेळी शोधत बसायला नको म्हणून त्यांचे शब्द त्या पुस्तकाच्या नोंदीच्या कार्डाच्या पाठीमागे पेन्सिलीनं लिहून ठेवायची. पुढं नाव, लेखक, क्रमांक. मागे माणूस. त्यात विद्वत्ता कसली, आळसच म्हण हवं तर.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी तसलं एक कार्ड सगळ्यांसमोर वर धरलं आणि वाचून दाखवलं. सगळे हसले, मीही हसले. दप्तरावर गावगप्पा लिहायच्या नाहीत, एवढं बजावून ते गेले. लिहायचं मी काही सोडलं नाही, पण त्यानंतर ते चोरून लिहायला लागले. आणि मग तू आलीस. कार्डांच्या कपाटातल्या चौथ्या खणातलं शेतीचं कार्ड उलटलंस आणि अशी काही किंचाळलीस की पेपर वाचणारे म्हातारे दचकून उठले! हा मेटाडेटा आहे मावशी, पुस्तकाबद्दलची सगळ्यात दुर्मिळ माहिती आहे, असं म्हणालीस. तू गेल्यावर मी घरी जाऊन कुकर लावला आणि रडले. एकतीस वर्षांत मला कुणी म्हटलं नव्हतं की हे काम आहे. हे तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते.

आता तिसऱ्या प्रकरणाचं. तू लिहिलंस की या भागातले वाचक शेती, आजारपण, देवधर्म यांची पुस्तकं आपल्या शब्दांत मागतात, पण गोष्टी-कादंबऱ्या मात्र नावानं किंवा लेखकावरून मागतात. पुरावा काय, तर पहिल्या तीन खणांतली, म्हणजे गोष्टी-कादंबऱ्यांची कार्डं पाठीमागून कोरी आहेत. बोललेलं ऐकून पुस्तक शोधणारं जे यंत्र तू बनवलंस, त्यालाही तू तसंच शिकवलंस. वाचताना मी स्वतःला समजावत होते, जाऊ दे, एका वाक्यानं कुणाचं काय बिघडतंय.

पण मागच्या रविवारी मी तोरा मिरवायला भाटघरला गेले. तिथल्या रतनबाई तुला माहीत नाहीत. त्यांना अक्षर येत नाही. बाजाराच्या दिवशी येऊन माझ्याकडून गोष्टीचं पुस्तक न्यायच्या आणि संध्याकाळी सुनेकडून वाचून घ्यायच्या. पंचवीस वर्षं, एकही बाजार चुकवला नाही. आता गुडघे गेलेत, येणं होत नाही. तू पाठवलेला त्या यंत्राच्या चाचणीचा दुवा मी मोबाईलवर उघडला आणि म्हटलं, बोला रतनबाई, हा आता माझ्यासारखं पुस्तक शोधून देतो. त्यांनी पदर सावरला, मोबाईलला नमस्कार केला आणि म्हणाल्या, ती नवऱ्याला सोडून येती अन् शिलाईचं दुकान टाकती, तिची गोष्ट पायजे. यंत्र म्हणालं, काही सापडलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, हळू, एकेक शब्द. पुन्हा तेच. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या बाई, माजंच कायतरी चुकत असंल, आमाला कुठं नीट मागाया येतंय. अश्विनी, पंचवीस वर्षांत ही बाई माझ्या टेबलापुढं असं एकदाही म्हणाली नव्हती.

ती कार्डं कोरी नव्हती गं. विद्यापीठातून मुलगी कार्डांचे फोटो काढायला येणार असं पत्र आलं, तेव्हा मला त्या साहेबांचं हसणं आठवलं. पाहुणे यायच्या आधी घर आवरतात तशी मी आवरायला बसले. जेवणाच्या सुट्टीत दार लोटून, खोडरबर घेऊन, आठ दिवस. पहिले तीन खण मी माझ्या हातानं पुसले. चौथ्याला हात घालणार तर तू दोन दिवस आधीच येऊन उभी! आणि पहिले खण कोरे का, असं तू विचारलंस, तेव्हा मी बेधडक सांगितलं की गोष्टींची पुस्तकं लोक नावानंच मागतात. तू ते वहीत लिहून घेतलंस, खाली माझं नाव घातलंस. त्याच वेळी बोलायला हवं होतं. पण तू माझ्याकडे इतक्या कौतुकानं बघत होतीस की मला ते गमवायचं नव्हतं. दोन वर्षं झाली, प्रत्येक फोनवर मी हे गिळत आले.

सगळंच गेलं असं मात्र नाही. सोमवारी मी ग्रंथालयात जाऊन ते खण पूर्वेच्या खिडकीत ओढले. माझा हात जड, पेन्सिल दाबून लिहायची खोड. शिसं गेलं तरी कागदावर वळ राहिलेत. सकाळचं ऊन तिरपं येतं तेव्हा कार्ड वाकडं धरलं की शब्द दिसतात. दोन सकाळींत एकेचाळीस कार्डं वाचली. काही अगदी पुसट आहेत, ती मी अंदाजानं भरलेली नाहीत, नुसता क्रमांक लिहून ठेवलाय. मला तोंडपाठ आहेत तीही लिहिते आहे, पण वेगळ्या वहीत. माझ्या आठवणीवर विसंबू नकोस, आठवणीत मी किती सोवळी असते ते आता तुला कळलंच आहे.

मुदत वाढवून माग, हे सांगायला पत्र लिहिलं. मला माहीत आहे, त्या नोकरीची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे आणि पदवी लांबली तर ती जागाही जाईल. तू चिडशील. चीड, फोन करून भांड, मी ऐकून घेईन. पण कॅमेरा घेऊन ये. आणि आणखी एक. आभाराच्या पानावरून माझं नाव काढ. अभ्यासातल्या त्रुटी लिहायला तू एक पान ठेवलंयस ना, तिथं ते घाल. पूर्ण नाव, गाव, हुद्दा सगळं. ग्रंथपालानं लाजेपायी नोंदी पुसल्या आणि संशोधकाला खोटं सांगितलं, असं स्पष्ट लिही. तू माझ्या कामाला काम म्हणालीस, म्हणून तर ते खोडल्याचा गुन्हा मला आज गुन्हा वाटतो. नाहीतर मी नुसती आवराआवर केली असंच समजून मेले असते. त्याबद्दल तुझे आभार मानते, बाळ, आणि ते कुठल्या पानावर लिहायचे ते मला माहीत नाही, म्हणून इथं लिहिते.

तुझीच,
शुभामावशी