अंगणापुरती गाणी

४ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र किराण्याच्या गाडीबरोबर डोंगर उतरून पोचलं. तुमच्या वेधशाळेत फोन लागत नाही म्हणून का होईना, माझं अक्षर जरा सुधारतंय.

आई परवा पुन्हा बाहेर पडली. मी कोटाचं कापड बेतत होतो, फाटक वाजलेलं कळलंच नाही. बसस्टँडवर तिकिटाच्या रांगेत सापडली. कुठलं तिकीट हवं ते सांगता येईना, म्हणून मागच्यांना एकेक करून पुढे सोडत होती. तू लिहितेस, फाटकाला कुलूप लाव, नाहीतर विसरभोळ्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या त्या संस्थेत चौकशी कर. मला दोन्ही जमणार नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून जिने जन्मभर लोकांना लोकांशी जोडून दिलं, तिला मी कोंडून ठेवू? तुझी वहिनी कारखान्यातून येईपर्यंत घरात मी आणि आई दोघंच, आणि माझं अर्धं लक्ष सुईत.

पण एक गंमत सापडली आहे. शेजारच्या ड्रायव्हरकाकांनी भिंतीवर रेडिओ ठेवून गाडी धुतली, तेवढा वेळ आई अंगणातल्या खुर्चीत हलली नाही. मांडीवर बोटांनी ताल धरून बसली होती. रेडिओ बंद झाला तशी उठून फाटकाकडे निघाली. घरात गाणी लावली तर ऐकत नाही, तिला उघड्यावरच हवीत. तेव्हा बॅटरीवर चालणारा, फोनवरची गाणी वाजवणारा एखादा स्पीकर तू बघून पाठव. इथल्या दुकानात एक छोटा होता तो डासासारखा गुणगुणत होता, आणि मोठा होता तो हलवायला दोन माणसं लागली असती. तुला यातलं कळतं. मला फक्त कापडातलं कळतं.

आई बरी आहे. लोभ करतेसच, त्यात कसूर करू नकोस.

तुझा,
दादा

१५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुट्टीच्या दिवशी खाली शहरात जाऊन स्पीकर घेतला, सोबत पाठवत आहे. दुकानदाराने माझं डोकं पिकवलं. हा पाण्यात पडला तरी वाजतो, म्हणाला. मी म्हटलं, आमची आई पोहायला जात नाही. मग म्हणाला, धूळ चालते, वाळू चालते, उंचावरून पडलेला चालतो. नुसतं खुर्चीत बसून ऐकणाऱ्या बाईला कुठला चालतो ते मात्र त्याला सांगता आलं नाही. शेवटी मुठीत मावेल असा नारिंगी घेतला. दुकानात तरी आवाज गोड होता.

फोनमध्ये ब्लूटूथ चालू कर आणि स्पीकरचं बटण दाबून धर, म्हणजे दोघांची आपोआप जोडी जमेल. नाही जमली तर ड्रायव्हरकाकांना विचार, उगाच रुसून बसू नकोस.

दादा, मी हे तुझ्या समाधानासाठी करते आहे. मला अजूनही कुलूपच बरं वाटतं. इथे बसून मी रोज वारा कुठून येतो आणि किती जोराने येतो ते मोजते, आणि माझी आई आत्ता कुठे असेल ते मला सांगता येत नाही. वहिनीला नमस्कार. माझ्या फटकळपणावर राग धरू नये, ही विनंती.

तुझी,
बारकी

२७ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

स्पीकर मिळाला. घरात लावला तेव्हा तुझी वहिनीसुद्धा खूश झाली. अंगणात नेला आणि त्याचा जीवच गेला. दुकानाला भिंती असतात, अंगणाला नसतात, हे आपण दोघंही विसरलो. आवाज आईपर्यंत पोचायच्या आधीच हवेत विरतो. म्हणून आई तो कानाशी धरून बसते, आणि कंटाळली की उशीखाली ठेवून विसरते.

त्यात आतल्या बाईची भर. स्पीकर चालू केला की एक बाई इंग्रजीत 'कनेक्टेड' म्हणते ना, ती आईला मुळीच पटलेली नाही. नंबर विचारत नाही, कोण बोलतंय विचारत नाही, आणि जोडून मोकळी होते, अशी तिची तक्रार आहे. नवीन मुलगी दिसते, शिकेल, असंही म्हणाली. मी इतका हसलो की तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या.

पण बॅटरी दुपारीच संपते. मंगळवारी एका गिऱ्हाइकाचं माप घेताना गाणं बंद पडलं ते माझ्या लक्षात आलं नाही, आणि आई गेली. जुन्या एक्स्चेंजच्या जागी आता फर्निचरचं दुकान आहे, तिथे एका नव्या सोफ्यावर बसली होती. दुकानदार भला माणूस, त्याने पाणी दिलं होतं. तू म्हणशील, सांगितलं होतं. म्हण. पण आधी मोठा स्पीकर बघ. दिवसभर टिकणारा, आणि आईला उचलता येणार नाही असा जड.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

१२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

या वेळी मी दुकानदाराला स्पीकर रस्त्यावर आणून वाजवायला लावला. तो म्हणाला असं कुणी करत नाही. मी म्हटलं, आम्ही करतो. पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिले. रहदारीतही शब्द न् शब्द कळला. एक गृहस्थ थांबून गाणं संपेपर्यंत ऐकत राहिले आणि न घेताच गेले, त्यामुळे दुकानदार माझ्यावर आणखी चिडला.

बॅटरी दिवसभर पुरते. बाईचा आवाज बंद करता येतो, तो मी केला आहे. वजन चांगलं आहे. वर हँडल आहे, म्हणजे तुला आत-बाहेर नेताना कंबर धरणार नाही. एवढ्याने तरी आई एका जागी बसो. मी रजा मागितली होती, बदली माणूस मिळत नाही म्हणून नाकारली. फार असहाय वाटतं रे. आईला सांग, मी तिची आठवण काढते. मी कोण असं विचारलं तर सांग.

तुझी,
बारकी

२ एप्रिल

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

वाचून हसू नकोस, किंवा हसच. पहिले काही दिवस दृष्ट लागावी असे गेले. आई खुर्चीत, गाणी अंगणभर, आणि माझी तुंबलेली काजं-बटणं हातावेगळी. मग एका सकाळी गाणं हळूहळू लांब जायला लागलं. बघतो तर आई हँडल धरून, पिशवी न्यावी तसा स्पीकर घेऊन फाटकाबाहेर. जिने घरात कधी पाण्याची बादली दुसऱ्याला उचलू दिली नाही, तिला हे वजन काय जड?

पण पुढे ऐक. फोन माझ्या शिलाई मशीनवर होता. ती कोपऱ्यावर पोचली आणि गाणं तुटलं, कारण तेवढ्या लांब ते पोचत नाही. आणि आई तिथेच थांबली. मी धावत गेलो तर म्हणाली, लाइन कट झाली आहे, फोनवरच्या पार्टीला असं सोडून जाता येत नाही. फोन जवळ आला तसं गाणं पुन्हा लागलं, आणि ती चालू लागली.

आता मी तिला वळवत नाही. फोन खिशात टाकतो आणि मागून चालतो. गळ्यात मापाची टेप तशीच असते. लोक विचारतात, आज वरात कुठे? इकडे एका पाटलोणीला आठवडाभर एकच पाय आहे आणि गिऱ्हाईक रोज तोंड वाकडं करून जातं. पण मी घरी असलो तर ती कोपऱ्यावर थांबते, याची मला खात्री झाली आहे. कुलपावाचून भागलं, बारके.

आम्हा दोघांवर जीव आहेच तुझा, तो तसाच राहो.

तुझा,
दादा

१४ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले आणि मग झोप उडाली. मशीनने थांबवलेलं माणूस किती दिवस थांबेल? तुझ्या पाया पडते, कुलूप लाव. वाईटपणा माझ्या नावावर लिही. अधिक काय लिहू.

तुझी,
बारकी

२५ एप्रिल

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

आधी सांगतो, आई घरी आहे आणि तिला कुठे खरचटलेलंही नाही.

गुरुवारी मी एका कोटाची ट्रायल घेत होतो. गाणं कोपऱ्याकडे गेलं आणि तुटलं. मी घाई केली नाही. आता ती थांबणार, हे ठरलेलंच होतं. मी खांदा नीट बसवला, टाचण्या लावल्या, कॉलरबद्दल दोन शब्द बोललो आणि मग निघालो. कोपऱ्यावर रस्त्याच्या कडेला स्पीकर नीट ठेवलेला होता. आई नव्हती.

मोठ्या रस्त्यावर सापडली, अगदी मधोमध. एका ट्रकवाल्याने गाडी आडवी घालून रहदारी अडवली होती आणि तिचा हात धरून उभा होता. ती त्याला समजावत होती की ड्यूटी संपली, आता घरी जायचंय, आई वाट बघत असेल. मी आहे ना घरी न्यायला, असं म्हटलं तर तिने मला अहो-जाहो केलं आणि कशाला त्रास घेता म्हणाली. मला तिथेच रडू फुटलं.

त्याच संध्याकाळी मी फाटकाला कुलूप लावलं. तुझ्या नावावर नाही लिहिलं. काल दुपारी आईने ते हलवून पाहिलं, पुन्हा पुन्हा ओढलं. मग मला विचारलं, हे कुणी लावलं? मी म्हटलं, माहीत नाही. किल्ली माझ्या खिशात होती. माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे, तिने मला शेजारी बसवून घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, घाबरू नकोस, येईल कुणीतरी उघडायला.

तुझा,
दादा