तुमच्या वाट्याची तांबडी

शिरड शहापूर,
दि. ५ फेब्रुवारी १९७५

आदरणीय हरिचंददादा यांस भिवाजीचा सप्रेम जयभीम.

तुमचा गुडघा तेल चोळून सैल पडला असेल, वहिनी बऱ्या असतील आणि सेनगावची थंडी इकडच्याइतकीच असेल, असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक. तुमची बहीण चांगुणा ठणठणीत आहे (तिचा आवाज वेशीपर्यंत जातो, त्यावरून लिहिलं). पुढल्या रविवारी तुम्ही येणार म्हणून तिनं भिंती सारवल्या आहेत आणि तुमच्या ताटासाठी एक कोंबडी नेमून ठेवली आहे. ती तांबडी. हे पत्र तिच्याबद्दलच आहे, पण सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय माझ्याच्यानं राहवणार नाही.

पावसाळा सरताना तुम्ही डालग्यात घालून एसटीनं जी पिल्लं धाडली, त्यांच्या आता तलंगा झाल्या आहेत, म्हणजे अंगानं कोंबड्या आणि अंड्याच्या नावानं अजून काही नाही. कोंबडी हे जमिनीवरचं जनावर, अशी माझी पन्नाशी जवळ येईपर्यंत समजूत होती. माझ्या आईच्या कोंबड्या उकिरड्यापलीकडे कधी गेल्या नाहीत. ह्यांचं चित्त मात्र ठिकाणावर नाही. ताट पडलं की उडतात, कुणी शिंकलं की उडतात, आणि कधीकधी काहीच झालेलं नसताना, नुसतं काहीतरी आठवल्यासारख्या उडतात. कुडावरून थेट शेजारच्या ग्यानबाच्या अंगणात, वाळत घातलेल्या मिरच्यांवर. ग्यानबा भला माणूस, पण परवा कुडावरून म्हणाला, "भिवाजी, ह्या कोंबड्या हाईत का पाखरं, एकदा ठरवून सांगा. पाखरं असली तर मी गोफण काढतो." मी म्हटलं, मलाही अजून नीट कळलेलं नाही. (खरंच कळलेलं नव्हतं.)

मागच्या खेपेला तुम्ही उपाय सांगितला होता, की एकाच पंखाची लांब पिसं कापा, कोंबडीला दुखत नाही, पिसं पुन्हा येतात, आणि तोल एका बाजूला गेला की ती उडायचा नाद सोडते. मी कात्री घेऊन लिंबाखाली बाजेवर बसलो. दुपार होती. लिंबाची पानं एकेक करून, घाई नसल्यासारखी खाली येत होती. कात्री पोटावर ठेवली आणि डोळा लागला. स्वप्नात मी उडत होतो, दादा. खाली शिरड एखाद्या अंगणाएवढं, तुरी काढलेली रानं, विहिरी चकाकणाऱ्या, धोतराच्या सोग्यात वारा भरलेला. फार सुख होतं. पण माझा डावा हात कुणीतरी कोपरापर्यंत भादरलेला होता, त्यामुळे सरळ जाता येईना. औंढ्याकडे निघालो की वळून आपल्याच घरावर यायचो. पुन्हा निघालो, पुन्हा घरावर. खाली चांगुणा कपाळावर हात धरून उभी. म्हणाली, "फिरून झालं आसंल तर उतरा. भाकर निवून राहिली."

जागा झालो तेव्हा एका बाजूनं कापणं मला अन्याय वाटायला लागला. बैलजोडीतल्या एकाच बैलाला उपाशी ठेवल्यासारखं. म्हणून मी दोन्ही पंख कापले, तेही शेंड्याशेंड्याला, आणि सुतानं मापून सारखे. चांगुणा बघून म्हणाली, "न्हावी बी इतकं बराबर कापत न्हाई." मी ते कौतुक समजलो. आधी वाकड्यातिकड्या उडणाऱ्या तलंगा आता थोड्या खालून, पण अगदी सरळ रेषेत ग्यानबाच्या मिरच्यांवर जातात. तांबडीची पाळी शेवटची होती. ती मांडीवर बसली, आणि तिचं काळीज माझ्या तळहाताला लागत राहिलं. मग मी कात्री चुलीपाशी चांगुणाला ऐकू जाईल अशी दोनदा नुसतीच हवेत वाजवली आणि तिला सोडून दिलं.

त्यातून पुढचं झालं. संध्याकाळी विहारात वंदना झाली, सगळे डोळे मिटून शांत बसले, आणि वर पत्र्यावर तांबडी उतरली. कोंबडी पत्र्यावर चालली की हवालदार चालल्यासारखं वाजतं. ह्या टोकाहून त्या टोकाला गेली, परत आली. वंदना सांगणाऱ्या म्हाताऱ्या तातेरावांनी डोळे न उघडता म्हटलं, "भिवाजी, तुमची मंडळी आज वर बसली जनू." सगळे उपरण्यात हसले. चांगुणा हसली नाही. वाटेनं एवढंच म्हणाली, "दादा येऊ द्या. हवेत लई पोहली, आता रश्श्यात पोहंल."

जीव घेणार नाही हे पहिलं शील धम्म घेतल्यापासून मी रोज म्हणतो, आणि आजवर माझ्या वाट्याचा रस्साही खाल्ला आहे, तेव्हा दुसऱ्याला शिकवायचं तोंड मला नाही. पण ते शब्द म्हणून झाल्यावर डोक्यावर तांबडीचीच पावलं वाजलेली मी ऐकली. दिवस मावळताना ती लिंबाखाली येते, अंग गोळा करते, एकदा माझ्याकडे बघते आणि वर जाते. तेवढा एक क्षण ते जड अंग आपलं वजन विसरतं. मी अंधार पडेपर्यंत बघत बसतो. तेव्हा माझंही काही दुखत नाही.

असो. वहिनींना जयभीम, लेकरांच्या पाठीवरून हात.

तुमचा,
भिवाजी

ता. क. : एक मागणं आहे. वैद्यानं पोटासाठी कोंबडी बंद केली, असं तुमच्या हातानं एक कार्ड तुमच्या बहिणीला टाका. ह्या एका खेपेपुरतं. मागच्या वेळी मानेचं हाड तुम्ही किती वेळ चोखत होता ते मला आठवतं. काय मागतोय, हे मला कळतं.

आणखी ता. क. : चांगुणानं विचारलं, इतकं काय लिवून राहिलात? म्हणून सहीपर्यंतचं वाचून दाखवलं. कात्रीचं ऐकून म्हणाली, "ते मला त्याच दिशी कळलं व्हतं." मग लिंबाकडे बघून म्हणाली, "दादाला लिवा, दाढ दुखती, कोंबडी चावत न्हाई, आसं येऊन सांग म्हनावं. भाऊ येतो आन् ताटात वांगं, हे मी माझ्या तोंडानं कसं म्हनू? आन् मी सांगितलं हे लिवू नका."

म्हणून ते मी लिहिलेलं नाही. पोट दुखवायचं की दाढ, तेवढं तुम्ही ठरवा. वांगी ह्या वर्षी फार गोड आहेत.