आमच्या घरातली पाटी

सोमवार, ३ मार्च. सकाळी ६.४०
पाटी रंगवून वाळत ठेवली. वीतभर फळी, पांढरी अक्षरे: 'मी मराठी बोललो', अर्थात इंग्रजीत. स्पेलिंग तीनदा तपासले. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याने चुकून कसे चालेल? शनिवारी भाची चिमीची शाळाप्रवेशाची मुलाखत. तोवर ताईच्या घरात फक्त इंग्रजी. मराठी बोलेल त्याच्या गळ्यात पाटी. दुसऱ्याला पकडले की सुटका. माझ्या शाळेत हेच होते. सातवीत शाळा सोडेपर्यंत पाटी बहुधा माझ्याच गळ्यात असे, त्यामुळे अनुभव दांडगा. रोजनिशी मराठीत चालेल. लिहिणे म्हणजे बोलणे नव्हे.

मंगळवार, ४ मार्च
चहा मांडीवर सांडला. 'आई गं!' ओरडलो. हा उद्गार आहे, भाषा नव्हे, असे ताईला समजावले. मराठीत. भावोजींनी चकार शब्द न काढता पाटी माझ्या गळ्यात घातली. तयारच बसले होते. ताईने कप काठोकाठ का भरला होता?

बुधवार, ५ मार्च
कोणी सापडत नाही. जिन्यात हसणे ऐकू येते, मी दारात आलो की सगळे गप्प. भावोजी मीठसुद्धा बोटाने मागतात. काहीतरी शिजतेय.

गुरुवार, ६ मार्च. दुपारी
काम सोडून अचानक आलो. चपला हातात. चिमी खिडकीत पहाऱ्याला! मला पाहून टाळी वाजवली. आत चिडीचूप.

शुक्रवार
चिमी इंग्रजीही बोलत नाही. एकाग्रता वाढली असावी.

शनिवार, ८ मार्च
मुलाखतीला मीही गेलो. पाटी शर्टाच्या आत; नियम म्हणजे नियम. मोठ्या बाईंनी इंग्रजीत सहा प्रश्न विचारले. चिमी माझ्याकडे बघत गप्प. शेवटी बाईंनी मराठीत विचारले, घरी कोणी बोलत नाही का गं तुझ्याशी? चिमी सुटलीच. म्हणाली, बोलतात की! मामा कामावर गेला की खूप बोलतो आम्ही. त्याला शाळेत फार रडवलंय ना, म्हणून आई म्हणते, चार दिवस ऐकू या त्याचं.

ताई खिडकीबाहेर बघू लागली.

बाईंनी माझ्या गळ्यातल्या सुतळीबद्दल विचारले. पाटी काढून दाखवली. त्यांनी वाचली, उलटी करून ठेवली. प्रवेश दिला, म्हणाल्या, फक्त घरी पोरीशी बोला. कोणत्या भाषेत, मी विचारले. ज्या भाषेत भांडता त्या, म्हणाल्या.

म्हणजे पद्धत यशस्वी.

घरी एवढा गलका की कोणाला पकडावे कळेना.

खर्च: रंग पंधरा, सुतळी पाच. देणे: फळीचे कामावरच्या मालकाला दहा. ताईचे: आकडा बसेना.