काका माझ्यासोबत आहेत

सोमवार, २ जून

आधी कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा. आज नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी मिलिटरीच्या गेटवर खोटं बोललो. आणि खरं सांगू का, मजा आली.

मी प्रितम, मूळचा नागपूरचा, कॉलेजला माझा आणि मला कॉलेजचा कंटाळा आलेला. आता आई-बाबा अमेरिकेत, हर्नडनला. त्यांनी हात टेकले आणि मला ताईकडे पाठवून दिलं. उपासनाताई इथल्या आर्मीत सार्जंट आहे. भाऊजी कामासाठी लांब प्लेनो शहरात, म्हणून इथे बेसजवळ ती आणि सहा वर्षांची हर्षिता, दोघीच राहतात. ताईने शब्द टाकला म्हणून मला बेसवर नोकरी मिळाली. तिने दोन गोष्टी बजावल्या. रोज चार ओळी मराठीत लिही, नाहीतर तेही विसरशील. आणि इथे माझं नाव आहे, ते घालवू नकोस.

काम मस्त आहे. बेसवर सैनिकांच्या सुट्ट्यांची सोय बघणारं एक ऑफिस असतं. तिथे तंबू, कयाक, कॅम्पर, मोटरहोम, सगळं बाहेरपेक्षा स्वस्तात भाड्याने मिळतं. मोटरहोम म्हणजे चाकांवरचा फ्लॅट. पुढे ड्रायव्हर, मागे डायनिंग टेबल, बेड, किचन, संडास. परत आली की ती धुवायची, संडासाची टाकी रिकामी करायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सगळं समजावून द्यायची. टाकीबद्दल जास्त लिहीत नाही, आत्ताच जेवलोय.

तर खोटं. बाहेरच्या गॅरेजमधून मोठी पांढरी मोटरहोम परत आणत होतो. गेटवर नियम असा, की ज्याच्याकडे बेसचं कार्ड त्याने गाडीतल्या बाकीच्यांची हमी द्यायची. हा माझ्यासोबत आहे, एवढं म्हणायचं. मग त्याला आत आणलं कोणी, तुम्ही. बाहेर कोण नेणार, तेही तुम्हीच. गार्ड ओर्टिझने विचारलं, मागे कोणी आहे का. मी तोंड सरळ ठेवून म्हणालो, आहेत ना, माझे काका. गुरुदत्त काका, इंडियातून आलेत, इंग्लिश येत नाही, टेबलापाशी बसलेत. काका माझ्यासोबत आहेत.

मागे गाड्यांची लाइन लागलेली. ओर्टिझने वाकून आत बघितलं, रिकाम्या सीटला सलाम ठोकला आणि वेलकम सर म्हणाला. मला वाटलं, भारी गडी आहे, आपल्यासारखाच नौटंकी.

शुक्रवार, ६ जून

आज पांढरी मोटरहोम एका नेव्हीवाल्याच्या फॅमिलीला दिली. नवरा, बायको आणि चार वर्षांचा पोरगा. जनरेटर दाखवला, गॅस दाखवला, सगळं अगदी शहाण्यासारखं. ते निघाले तेव्हा मागच्या खिडकीकडे बघून हात हलवला आणि बाईला म्हणालो, तुमचे काका किती गोड आहेत हो, एवढ्या उन्हात स्वेटर आणि माकडटोपी. बाईची मान अशी काही वळली की मी टायरमागे जाऊन बसलो. हसून पोट दुखलं.

घरी हर्षिताला सांगितलं. ती हसून लोळायला लागली. आता जेवताना ती एक खुर्ची रिकामी ठेवते आणि म्हणते, मामा, धिस इज फॉर काका. ताई म्हणाली, पोरीला बिघडवू नकोस.

सोमवार, ९ जून

डोक्याला ताप. ती फॅमिली परत आली आणि बाई थेट काउंटरवर. तुमचा म्हातारा आमच्या गाडीत का बसवला, असं विचारत होती. पूर्ण ट्रिप तो टेबलापाशी बसून होता, बोलला नाही, जेवला नाही, मांडीवरची पिशवी सोडली नाही. मी मनात म्हटलं, वा, ही माझ्यापेक्षा पोचलेली निघाली, गंमत परत करतेय. पण बाई रडत होती. आणि पिशवीचं तर मी काहीच बोललो नव्हतो. स्वेटर म्हणालो, टोपी म्हणालो. पिशवी नाही.

तिकडे गाडीत पोरगा सीटवरून उठेना. बेल्ट घट्ट धरून बसलेला. एका पायात बूट होता, दुसरा गायब. तो सारखा तेच म्हणत होता, की माझा शू त्यांच्या बॅगमध्ये आहे, मला उतरता येत नाही. बापाने शेवटी बेल्ट कापला आणि उचलून नेला.

वेंडल माझा बॉस, रिटायर्ड सार्जंट, आवाज खडी क्रशरसारखा. तो म्हणाला, की तुझ्या बहिणीकडे बघून एकदा सोडतो. कापलेला बेल्ट मलाच बदलायला लावला. बूट शोधून शोधून मेलो, सीट काढून पाहिली. नाही.

मंगळवार, १७ जून

या गाडीने वैताग आणलाय. ड्रायव्हरशेजारी कोणी बेल्ट न लावता बसलं की टिंग टिंग वाजतं ना, ते आता रिकाम्या सीटवर वाजतंय. लॉटमधून धुवायच्या जागेपर्यंत टिंग टिंग टिंग. सेन्सरची वायर काढली, वाजतंच. शेवटी रिकाम्या सीटला बेल्ट लावला. चूप. आता मी रोज हवेला बेल्ट लावतो. मेकॅनिक म्हणतो, प्रॉब्लेम काही नाही. यार, प्रॉब्लेम नाही तर तू ये ना चालवायला.

आणखी एक. वीकेंडला ती गाडी एका रिटायर्ड कर्नल आजी-आजोबांनी नेली होती. त्यांच्याशी काकांबद्दल मी एक शब्दही बोललो नव्हतो. आईशप्पथ. आजी परत येऊन म्हणाल्या, तुमचे काका फार शांत आहेत. फक्त नातीचा एक सॅंडल सापडत नाहीये आणि ती आता घरच्या गाडीतूनही उतरत नाही. गॅरेजमध्ये बसून राहते.

नेव्हीवाल्या बाईचाही वेंडलला फोन आला होता. तिच्या पोराचंही तेच.

शुक्रवार, २० जून

वेंडलला सगळं खरं सांगितलं. गेट, थाप, सगळं. तो ऐकून म्हणाला, आता ह्यात नवीन जोक काय आहे. मी म्हणालो, जोक नाहीये. तो म्हणाला, तेच तर तू मागच्या वेळीही म्हणालास. मागच्या वेळी मी त्याच्या कॉफीत मीठ टाकलं होतं. 

ओर्टिझकडे गेलो. म्हटलं, भाऊ, तू त्या दिवशी रिकाम्या सीटला सलाम केलास ना, सांग ना वेंडलला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मीच येडा. म्हणाला, रिकामी कुठे होती? स्वेटरवाले अंकल होते की, टोपी घातलेले. आणि वर मलाच नियम शिकवला, तू आत आणलंस, अजून बाहेर नेलं नाहीस.

मग नेलं. जेवणाच्या सुट्टीत मोटरहोम बाहेर काढली, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये दार उघडून उभा राहिलो आणि मराठीत म्हटलं, काका, उतरा आता, पाया पडतो. एक बाई ट्रॉली घेऊन लांबून वळसा घालून गेली. पाच मिनिटं दार उघडं ठेवलं. कोणी उतरल्याचं दिसलं नाही, पण दिसणार तरी काय? बंद करून निघालो.

सिग्नलवर पोचायच्या आत टिंग टिंग.

शुक्रवार, २७ जून

ताईने फोर्थ ऑफ जुलैच्या सुट्टीसाठी मोटरहोम बुक केली. पांढरीच. मोठ्या गाड्यांमध्ये तेवढीच उरलीय म्हणे, कारण लोक ती मुदतीआधीच परत करतात.

मी म्हणालो, कॅन्सल कर. ती म्हणाली, का. मी सांगितलं. ती भांडी पुसत ऐकत होती. मग म्हणाली, की प्रितम, तुझ्यामुळे मला वरिष्ठांनी बोलावलं होतं. लोकांच्या मुलांना घाबरवतो म्हणून तक्रार आहे तुझी. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून खोटं बोलतोस, लाज वाटत नाही का. मी म्हणालो, ताई, ह्या वेळी खरं आहे. तिने ताट जरा जोरात ठेवलं आणि म्हणाली, तेच तर दुःख आहे, तुझं खरं कोणतं ते आम्हाला कळायचं बंद झालंय.

मी कोणाला दोष देऊ? आयुष्यभर मीच सगळ्यांना ट्रेनिंग दिलंय, माझ्यावर विश्वास ठेवू नका म्हणून.

गुरुवार, ३ जुलै

टायरची हवा सोडली. वेंडलने पाच मिनिटांत भरली आणि माझ्याकडे बघितलंही नाही. किल्ली लपवली, दुसरी होती. सोबत येतो म्हणालो, तर ताई म्हणाली, तू नकोच, मला तीन दिवस शांतता हवी.

निघताना खिडकीपाशी जाऊन हर्षिताला म्हटलं, बाळा, काकांचा खेळ संपला. कोणी विचारलं तर काकांचं नाव घ्यायचं नाही, एकदम नाही. ती म्हणाली, ओके मामा. मग हळूच म्हणाली, बट व्हाय इज ही सिटिंग सो क्लोज?

मी दार उघडायला धावलो. ताईने गाडी काढली होती. लॉटच्या टोकापर्यंत पळालो, ओरडत. वेंडलने कॉलर धरून मागे ओढलं. ताईला फोन लावले. तिने उचलले नाहीत. मग मेसेज आला, प्लीज, बस कर.

रविवार, ६ जुलै

दुपारी ओर्टिझचा ऑफिसात फोन. हसत होता. म्हणाला, तुझी भाची लय गोड आहे, तुझ्यासारखीच ठणकावून बोलते. मी विचारलं किती जण आहात, तर मागून तीच ओरडली, मी, मॉम आणि काका. ही इज विथ मी.

ही इज विथ मी.

म्हणजे हमी आता तिची. मी आणलेला माणूस, आता तिचा —

गाडी लॉटमध्ये आली. ताई उतरली. हर्षिता नाही. टेबलापाशी बसलीय, बेल्ट दोन्ही हातांनी धरून. एक गुलाबी बूट पायात. दुसरा पाय उघडा, मोजासुद्धा नाही. ताई ओढतेय, ती किंचाळतेय. नंतर किंचाळायचीही बंद झाली. नुसती समोर बघते. समोरच्या सीटला बेल्ट लावलेला आहे. मी लावला नव्हता. ताईनेही नाही.

ताई मला म्हणाली, हे तू शिकवलंस तिला. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. डॉक्टरला फोन करायला ती ऑफिसात गेलीय. किल्ली गाडीलाच आहे.

मला एकच सुचतंय.

रविवार, नंतर

घाईत लिहितो. 

हर्षिताला मागे तशीच ठेवून गेटपर्यंत गाडी आणली. काच खाली केली. जसं पहिल्या दिवशी म्हणालो तसंच म्हणालो, फक्त ह्या वेळी हसू येत नव्हतं. काका माझ्यासोबत आहेत. तिच्यासोबत नाहीत. मी आणले, मीच नेतो. त्यांना बाहेर सोडून मी परत येणार नाही. मी त्यांच्यासोबत जातो.

ओर्टिझने मागे बघितलं. बराच वेळ. मग माझं कार्ड परत दिलं आणि म्हणाला, अंकल पिशवी उघडतायत.

काहीतरी पडल्याचा आवाज झाला. गुलाबी बूट. हर्षिताने बेल्ट सोडला, बूट हातात घेतला, पायऱ्या उतरून ओर्टिझच्या केबिनपाशी जाऊन उभी राहिली. म्हणाली, मामा, आय नीड टू पी. मला एवढं रडू आलं.

आरशात ताई पळत येताना दिसली. तिने तिला उचललं. मी गाडी काढली.

टिंग टिंग नाही. शेजारच्या सीटचा बेल्ट लागलेला आहे.

सोमवार

हे वेस्ट व्हर्जिनिया असेल. पेट्रोल संपत आलंय. हायवेकडेच्या एका रेस्ट एरियात, गाड्या थांबतात तिथे, उभा आहे. समोर लोक कुत्रे फिरवतायत, पोरं आइस्क्रीम खातायत, इतकं साधं सगळं. मला उतरायचंय, नुसतं तोंड धुवायचंय. बेल्ट सुटतो, तो प्रॉब्लेम नाही. पण डाव्या पायात बूट नाही. कधी गेला कळलं नाही. आणि बुटाशिवाय — कसं सांगू, पाय खाली ठेवताच येत नाही. बावीस वर्षांचा घोडा मी. पाय हलत नाही.

फोन वाजतोय. ताई. सव्वीस वेळा. उचलत नाही.

काका अजून बोलले नाहीत. पिशवी मांडीवर आहे.

ही वही खिडकीतून टाकणार आहे. ज्याला मराठी येते त्यालाच सापडो. भाऊ, ताई, जे कोण असाल ते, हात जोडतो, कोणाला सांगू नका. मी कुठे आहे ते पोलिसांना नको, वेंडलला नको. माझ्या ताईला तर नकोच. तिला कळलं तर ती शोधायला येईल आणि एकटी येणार नाही, पोरीला सोबत घेऊन येईल. आणि हर्षिताने मला बघितलं की ती परत जाताना गेटवर सगळ्यांना ओरडून सांगेल, मामा माझ्यासोबत आहे, काका माझ्या — तिला तेवढंच येतं, लहान आहे ती. ती कधी भेटली, तिने विचारलं तर म्हणा, मामा थापाड्या होता. काका नव्हतेच कधी. ह्या वेळी तरी सगळे विश्वास ठेवतील. प्लीज, कोणाला सांगू नका, तुमच्या घरात लहान मूल असेल तर मनातसुद्धा त्यांचं नाव —

पिशवी उघडतायत. माझ्याकडे बघून विचारतायत, मराठीत, की हे वाचणारा कोणासोबत आहे, म्हणजे तुम्ही कोणासोबत आहात असं मी विचा—