हेक्टिक शेड्यूल आणि सानवीचा मामा

मांडवी, रत्नागिरी

ती. मालनताईस धाकट्या धोंडूचा साष्टांग नमस्कार.

भावोजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? मी बरा आहे. पत्र लिहितोय याचं नवल वाटून घेऊ नकोस. फोनवर माझ्या तोंडून भलतंच इंग्रजी निघतं, आणि त्यानेच घात केलाय.

सानवीच्या लग्नाला चार दिवस आधी ये, म्हणून तू फोन केलास तेव्हा मी जेटीवर बसलो होतो. शेजारी सगळी निवृत्त मंडळी. (त्यातला प्रत्येक जण ‘हेक्टिक शेड्यूल’ म्हणतो आणि दोन-दोन तास जागचा हलत नाही.) त्यांच्यादेखत आपण रिकामे आहोत म्हणायची लाज वाटली. ऐटीत म्हणालो, ताई, शेड्यूल फार हेक्टिक आहे गो, जमेलसं वाटत नाही. तू चिडली असतीस तर लगेच वळणावर आलो असतो. तू म्हणालीस, असू दे, तू तुझी कामं बघ.

आता कामं आणायची कुठून? दूध आणणं आणि मासळीचा भाव विचारून तसंच परत येणं, एवढीच माझी कामं. मग लोकांना दाखवायला रोज दहा वाजता पिशवी घेऊन एस.टी. स्टँडवर जाऊन बसू लागलो. काल तिथे तुमच्या शेजारचा लवू भेटला. कुठे निघालात विचारलं, तर मीटिंगला म्हणालो आणि समोर लागलेल्या गाडीत चढलो. (हातखंब्याला उतरून परतीच्या गाडीसाठी पाऊण तास उभा होतो.) गाडी सुटता सुटता लवूने खाली उभ्या-उभ्याच खिडकीशी येऊन सांगितलं, की सानवीला मंडपात आणायला मामा म्हणून आपला चुलतभाऊ भिकाजी उभा राहणार. ज्या पोरीला मी खांद्यावर बसवून शाळेत पोचवली, तिचा हात भिकाजी धरणार! चूक तुझी नाही, त्याचीही नाही. फार वाईट वाटतंय, ताई.

सानवीला आशीर्वाद.

तुझा,
धोंडू

ता. क. माझं शेड्यूल वगैरे काही नाही. मामा म्हणून मला उभं राहू दे. ते नसेल जमत तर पंगतीत वाढायला तरी ठेव.

आणखी एक. पाकीट बंद करण्याआधी न राहवून भिकाजीला फोन केला. म्हणाला, “तायने पहिल्याच दिवशी सांगितलान, धोंडू विचारीपर्यंत मामा व्हायला तू हो म्हण, विचारलान की बाजूला हो.” पंधरा दिवस तू माझ्या एका फोनची वाट बघितलीस. पत्र पोचायच्या आधी मीच पोचतोय. दारातच उभा करून हवं ते बोल.