वळणापर्यंत सोबत

बाई, दुपारपासून तुमच्याच टेबलाशी बसले आहे आणि एक धड काम झालेलं नाही. दोनदा चहा केला, दोन्ही वेळा गार करून ओतून दिला. पंखा बंद केला, पुन्हा लावला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "भिंगरी लागलीय का पायाला? बस एका जागी." बसतेय. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की शिरवण्यात नव्याने राहायला आलेल्यांना बायकांचं हे मदत केंद्र मीच सुरू केलं असं वाटतं. आधी मी सांगत बसायची, माझं नाही, बाईंचं. हल्ली तेही सोडून दिलंय.

सकाळी वॉर्ड ऑफिसला बोलावलं होतं. साहेब तरुण आहेत, वाईट नाहीत. खुर्ची दिली, पाणी विचारलं. म्हणाले, "मॅडम, टेन्शन घेऊ नका. केंद्र बंद नाही करत आपण, सीवूड्सला शिफ्ट करतोय. एसी ऑफिस, हेल्पलाइन. रेशन, निराधार पेन्शन, पीएफ, नोकरी, जो काही सल्ला असेल तो फोनवर द्यायचा. तुमचा जॉब पण सेफ आहे." मग आमच्या कामांच्या माहितीवरून नजर फिरवताना मध्येच थांबले. "हे नोकरीच्या जागेपर्यंत सोबत जाणं काय प्रकार आहे? हे कशातच बसत नाही. नोकरी लावून दिली, विषय संपला ना? मोठ्या बायका आहेत त्या. शाळेत सोडायला जाता का?" सोमवारी हो की नाही ते सांगायचं आहे. नाही म्हटलं तर महिनाअखेरपासून पालिकेची मदत बंद.

मला खूप बोलायचं होतं. ठेकेदारांची बोलती बंद करणारी मी, पण तिथे नुसतं "बघते," म्हणाले आणि उठले. रिक्षात बसल्यावर मात्र एकेक वाक्य सुचायला लागलं. मी हातवारे करून बोलत होते बहुतेक, कारण रिक्षावाला सारखा आरशातून बघत होता. शेवटी त्याने विचारलंच, "सगळं ओके ना ताई?" मला त्याचाही राग आला.

मी त्यांना सांगायला हवं होतं की साहेब, ते सोबत जाणं माझ्यामुळे सुरू झालं. बाई, वडील गेल्यावर आई निराधार पेन्शनचं विचारायला मला घेऊन तुमच्याकडे आली होती. तुम्ही तिचं सगळं ऐकून घेतलंत आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "आणि ही काय करते?" मी काहीच करत नव्हते. आठवड्याभरात तुम्ही मला पॅकिंगच्या कंपनीत चिकटवलंत. आणि पहिल्याच दिवशी मी एमआयडीसीत हरवले. सगळ्या भिंती सारख्या, सगळी गेटं सारखी, अंगावर येणारे ट्रक. एका वॉचमनला विचारलं तर तो खेकसला, "इदर नही, आगे जाव." आगे म्हणजे किती आगे? मी रडत घरी आले आणि दाराला कडी लावून बसले.

संध्याकाळी तुम्ही आलात. मला वाटलं आता माझी काही खैर नाही. आणि झालंही तसंच, "तोंड नाही तुला? दुसऱ्या कोणाला विचारायचं नाही?" पण मग आईने पुढे केलेलं पाणीसुद्धा न घेता तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलात आणि म्हणालात, "चूक माझी आहे. नोकरी दिली, रस्ता दिला नाही." मोठं माणूस स्वतःला असं रागावताना मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण दोघी निघालो आहोत. तुम्ही पुढे, उन्हाची छत्री काखेत, मी मागे. तुम्ही चालता चालता सांगताय, ही चहावाली माझ्या ओळखीची आहे, काही लागलं तर हिच्याकडे ये. वॉचमन वाकडं बोलला तर खाली बघायचं नाही, सुपरवायझरचं नाव घ्यायचं. बायकांचं बाथरूम कुठे आहे ते आल्या आल्या विचारून ठेवायचं, लाजायचं नाही. ट्रान्सफॉर्मरच्या वळणावर तुम्ही थांबता, पिशवीतून तुमचाच स्टीलचा डबा काढून माझ्या हातात देता. चपाती आणि जवसाची चटणी. "इथून पुढे तू एकटी. गेटवर आपल्याला एकत्र पाहिलं तर तू कायम कोणीतरी आणून सोडलेली पोरगी राहशील. जा. आणि मागे वळून बघायचं नाही." त्यानंतर केंद्रातून कामाला लागलेल्या प्रत्येकीबरोबर तुम्ही तिच्या तिच्या वळणापर्यंत गेलात, पुढे मी केंद्रात कामाला आल्यावर आपण दोघी. तुमच्यानंतर मी जातेय. तो डबा अजून माझ्याकडे आहे, झाकण नीट बसत नाही एवढंच.

मघाशी एकजण येऊन गेली. परभणीकडची आहे, नवरा गेला, पदरात मुलगी. उद्यापासून उलव्याला एका कॅन्टीनमध्ये लागतेय. परवा मी बसने जाऊन तिकडचा रस्ता बघून आले, सगळीकडे खणलेलं, खुणेला धड एक दुकान नाही. ती दारातूनच म्हणाली, "ताई, तुमी येणार ना सकाळी? मला लय भेव वाटायलंय. कोणी म्हनलं केंद्र बंद व्हायलंय." मी म्हटलं, "उद्या तर येतेय ना मी." ती म्हणाली, "मग झालं," आणि हसत गेली. मला मात्र त्या 'उद्या'ची लाज वाटली. परवा दुसरी कोणी आली तर तिला काय सांगू? सीवूड्सला फोन कर?

वरच्या घरमालकीण काकू जिन्यातून सगळं ऐकत होत्या. तुम्ही त्यांच्याशी पाण्यावरून भांडायचात, त्याच. खाली येऊन म्हणाल्या, "तुला कोन खोली खाली कर बोलला काय? मी बोललू? मंग? पालिकेचा पैसा नाय आला तं नाय आला. खोली माजी हाय." मी म्हटलं, "काकू, नुसत्या खोलीवर पोट भरत नाही." त्या म्हणाल्या, "ते मना ठाव नाय काय? तुजी बाई पन आशीच बोलायची न् दुसऱ्या दिशी येऊन बसायची." मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. पोट हा खरा प्रश्न आहे, बाई. मुलाची फी आहे, घराचा हप्ता आहे. सीवूड्सच्या खुर्चीत मी सुखाने बसू शकते, कोणी नावं ठेवणार नाही. म्हणून तर दुपारपासून जिवाला चैन नाही.

हे पत्र कुठेच जायचं नाही. तुमच्या खणात ठेवेन, तो तसाही कोणी उघडत नाही. पण एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती. त्या दिवशी गेटपाशी पोचल्यावर मी मागे वळून पाहिलं होतं. मला वाटलं, तुम्ही केव्हाच निघून गेला असाल. तुम्ही तिथेच होतात. मध्ये एक टेम्पो उभा होता आणि त्याच्या मागच्या हौद्यावरून दिसावं म्हणून टाचा उंचावून बघत होतात. मी पटकन मान वळवली आणि आत गेले. तुम्ही दिसला नसतात तर मी आत गेले नसते.

उद्या उलव्याला मीही तिला तेच सांगणार आहे, मागे बघायचं नाही म्हणून. ती बघणार. सोमवारी साहेबांना मी नाही म्हणणार आहे. फार भीती वाटतेय, बाई.