जुन्या क्रागचा बोल्ट

मी, टोरलाइफ ब्रेन्मुएन, वय एकोणऐंशी, राहणार रेंडालेन, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. मोडले आहे ते खुब्याचे हाड. त्यामुळे वरच्या खोलीत खिळून पडलो आहे. खाली तळघरात मुलगा सिग्वे वापरलेल्या काडतुसांत नवी दारू आणि गोळी भरतो आहे. त्याच्या यंत्राचा दांडा मला पलंगापर्यंत ऐकू येतो, आणि जिना उतरता येत नाही.

१. घर व रान सिग्वे आणि मुलगी रागन्हिल्ड यांना निम्मे निम्मे. आईला पुरल्यापासून ही दोघे बोलत नाहीत. कॉफीची किटली कोणाची यावरून बिनसले. किटली चर्चच्या बाजारात विकून टाकावी.

२. नवी रायफल सिग्वेला.

३. माझ्या वडिलांची जुनी क्राग रायफलही त्यालाच. परंतु तिचा बोल्ट, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणारा सरकता दांडा, रागन्हिल्डला. बोल्टशिवाय ती नुसती काठी आहे, हे मला ठाऊक आहे. दोन्ही रायफलींत एकच काडतूस बसते, हीच मेख. बार उडताना बोल्ट अडवून धरायला क्रागला पुढे एकच खुंटी. नवीला चालणारा दारूचा भार तिला सोसत नाही. माझा भाऊ हाल्वर याने नवीचे काडतूस जुनीत घातले आणि उजवा डोळा घालवून बसला.

सिग्वेला हे सगळे पाठ आहे. तरी काल जिन्यातून ओरडला, "बाबा, आत बसतंय ना? मग उगाच कशाला घाबरवता! परवा एल्कच्या शिकारीला आजोबांचीच बंदूक नेणार मी."

"खोक्यांवर बंदुकीचं नाव लिहिलंस का?"

"लिहायचं काय त्यात? लक्षात आहे माझ्या."

हाल्वरच्याही लक्षात होते.

बोल्ट माझ्या उशाखाली आहे. पण शिकारीच्या टोळीत कोणीही त्याला दुसरा देईल, म्हणून झोप लागत नाही. सिग्वेने आजची सगळी काडतुसे रागन्हिल्डसमोर उघडून रिकामी करावीत आणि क्रागसाठी काडतुसे भरायच्या पुस्तकातल्या सर्वांत हलक्या भारापासून पुन्हा सुरुवात करावी, टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवून. मगच तिने बोल्ट द्यावा.

४. तराजू व साचे सिग्वेला. चुकलेल्या काडतुसातून गोळी उपसायचा हातोडाही त्यालाच. तो त्याने कधी हातात धरलेला नाही. आपले चुकले असे त्याला कधी वाटलेच नाही.

५. मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात. तोवर इथे फार उशीर होईल. सह्या होताच साक्षीदारांनी हे जिन्याच्या तोंडाशी उभे राहून मोठ्याने वाचावे. मला फार भीती वाटते, सिग्वे.

रेंडालेन, २३ सप्टेंबर २०१६
टोरलाइफ ब्रेन्मुएन

साक्षीदार, दोघेही एकाच वेळी हजर, वाटा कोणालाच नाही:
योरुन हागेन, घरी येणारी परिचारिका
कोल्ब्योर्न लिल्लेवोल, शेजारी

टीप: वाचून दाखवले. तिसऱ्या कलमाला दांडा थांबला. पाचवे संपल्यावर खालून आवाज आला, "बाबा, तो हातोडा कुठं ठेवलाय?" — यो. हा.